शरदरावांची बायपास

ज्याला शब्दाचं मूळ ठाऊक, तो शब्दाकडून कधी फसत नाही, असं शरद सबनीस छातीठोकपणे सांगायचे. छातीठोकपणे म्हणजे खरोखर छाती ठोकून. पुढे त्याच छातीवरून जे रामायण झालं, ते ऐका.

शरदराव बँकेतले अधिकारी. कर्ज कुणाला द्यावं हे त्यांना बरोबर कळायचं. तोंड कधी मिटावं हे मात्र कळायचं नाही. त्यांना इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा नाद. नाद कसला, खोड! तुम्ही घाईत ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणून ओरडलात, तर हा गृहस्थ टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत तिचं मूळ सांगत उभा राहणार. शिकलेल्या माणसाला माहिती फार असते आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायला वेळ नसतो. हे मी स्पष्टच सांगतो, कुणाला लागलं तर लागो.

गेल्या वर्षी बँकेनं बढतीवर कोलकात्याला जाल का म्हणून विचारलं. शरदरावांनी उभ्या उभ्या होकार दिला आणि संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मिरजेच्या घरात शिरले. बायको अनुराधा तिथल्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. तिनं पुड्याला हात लावला नाही.

“एवढा मोठा निर्णय, आणि मला बायपास केलंत?”

अशा वेळी शहाणा नवरा मान खाली घालतो. वेडा नवरासुद्धा निदान गप्प बसतो. शरदराव म्हणाले, “शब्द जरा चुकतोय तुझा. बायपास म्हणजे मुळात गॅसची नळी.”

झालं. ती नळी संसारात जी आडवी पडली, ती पडलीच. दिवाळीत शरदराव एकटे कोलकात्याला आले, बेहाला भागात मानसीदी नावाच्या बंगाली बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागले. अनुराधाचे फोन यायचे, पण कसे? “पाणी उकळून पिता ना? बरं. ठेवते.” वीज मंडळाची बाई याहून मायेनं बोलते.

बोलायला घरात कुणी नाही, म्हणून शरदरावांनी ‘सबनीस परिवार’ या ग्रुपवर रोज सकाळी ‘आजचा शब्द’ सुरू केला. हातभर लांब मजकूर. मोबाइलवर वरच्या दोन ओळी दिसायच्या आणि खाली ‘आणखी वाचा’. सबनीस परिवारात कुणीही आणखी वाचायचं नाही. वरच्या दोन ओळींवर हात जोडलेलं चित्र टाकायचं आणि पुढे सरकायचं. शरदरावांना वाटायचं, काय आवडतंय लोकांना!

मे महिन्यात त्यांना बायपासवरच्या शाखेचा कारभार मिळाला. कोलकात्याचा बायपास म्हणजे शहराच्या पूर्वेकडून जाणारा मोठा रस्ता. गावातली गर्दी टाळायला बांधला, आणि मग गाव आपली गर्दी घेऊन त्याच्याच काठाला राहायला गेलं. बडी बडी इस्पितळंही तिथेच ओळीनं उभी. म्हणजे बायपासला जाऊन बायपास करून घेता येते, अशी सोय. बेहाल्याहून रोजची ये-जा नको म्हणून शरदरावांनी तिकडेच एक फ्लॅट ठरवला, आणि सामान हलवायला एक टेम्पोवालाही. आणि आनंदाच्या भरात त्या दिवशीचा शब्द लिहायला घेतला. वरच्या दोन ओळी अशा:

‘मंडळी, सोमवारपासून आपला मुक्काम बायपासला. छातीत धडधडतंय, पण सगळं ठरलं आहे, आता माघार नाही.’

खाली शाखा, फ्लॅट, रस्ता, त्या शब्दाची सगळी कुळकथा. पण ती ‘आणखी वाचा’च्या खाली, म्हणजे जमिनीत पुरल्यासारखीच.

अर्ध्या तासात मिरजेहून मोठ्या बहिणीचा, रजनीताईंचा फोन आला. आवाज कापत होता.

“शरद, आधी मला सांग, ब्लॉक किती आहेत?”

ताईला नव्या घराचं केवढं कौतुक, असं वाटून शरदराव खुलले. “चार.”

“अगंबाई. चार?”

“चांगले मोठे आहेत. आपला दुसरा.”

“आणि बाकीचे?”

“ते पूर्ण भरलेत. दुसऱ्यातच जरा जागा मोकळी होती.”

“दम लागतो का रे?”

“लागणारच. लिफ्ट निम्मा वेळ बंद.”

“कुणाच्या हातून करतोयस?”

“चक्रवर्ती म्हणून एकजण आहे. बोलतो फार, पण हात साफ आहे. रोज दोन-तीन तरी उरकतो म्हणे.”

“रोज दोन-तीन?” ताई पुटपुटल्या. “वेळ किती लागेल?”

“सकाळी सुरू केलं की दुपारपर्यंत आटपतं. सगळं उघडायचं, सुटं करायचं, आणि परत जोडायचं. एखादी वस्तू फुटतेच म्हणा त्यात.”

मग ताईंनी विचारलं, “अनुराधाला कळवलंस?”

“तिला काय कळवायचं? ती म्हणेल, तुमचं तुम्ही बघा.”

रजनीताई रडू लागल्या. आपलं एकटेपण निदान बहिणीला तरी समजलं, असं वाटून शरदराव तिचीच समजूत घालू लागले. “रडू नकोस ताई,” ते म्हणाले. “कधीतरी जायचंच होतं.”

फोन ठेवून त्यांनी ग्रुप उघडला, तर तिथे हलकल्लोळ. कुणी मृत्युंजय मंत्राचा जप धरलेला, कुणी दुधीच्या रसाची कृती पाठवलेली. एका साडूंनी तर घाईघाईत ‘भावपूर्ण’ लिहून टाकलं होतं आणि चूक ध्यानात आल्यावर त्याच्यापुढे ‘शुभेच्छा’ जोडल्या होत्या. वाचत नाहीत हो लोक! माणूस खाली काय लिहितो, जिवंत आहे की नाही, कुणाला पडलेलं नाही. दोन ओळींवर रडतात आणि दोन ओळींवर जेवायला बसतात.

शरदरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी घाईनं लिहायला घेतलं, ‘अहो, बायपास म्हणजे इथला रस्ता’, आणि एवढ्यात वरून दुसरा निरोप सरकला. अनुराधाचा.

‘शनिवारी पोचते. तोवर बाहेरचं काही खाऊ नका.’

दिवाळीनंतर पहिल्यांदा तिच्या निरोपात उकळलेल्या पाण्याशिवाय काहीतरी होतं. ‘रस्ता आहे’ असं पाठवलं, तर ती येणार नाही. काळीज आहे असं राहू दिलं, तर येईल. व्युत्पत्तीच्या या महामेरूनं लिहिलेलं एकेक अक्षर पुसून टाकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शब्दाचा चुकीचा अर्थ तसाच चालू दिला.

शनिवारी दुपारी ते खाटेवर आडवे झाले. आजाऱ्यासारखं दिसावं म्हणून गळ्यापर्यंत शाल. कोलकात्याचा मे महिना, अंगावर शाल! तव्यावर पोळी फुगावी तसे ते आत फुगत होते आणि घामाच्या धारा उशीवर ओघळत होत्या. बिचाऱ्यांना खरोखरच चक्कर येऊ लागली.

खाली टॅक्सी थांबली. दारातच मानसीदींनी अनुराधाचे दोन्ही हात धरले.

“दीदी, दादा बायपास जा रहा है, हमको बहुत कष्ट हो रहा है,” मानसीदी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या. “इतना अच्छा आदमी. उधर जाके कोई वापस नहीं आता. हमारा बड़ा बेटा भी गया था. अब खाली फोटो आता है.”

मुलानं तिकडे मोठा फ्लॅट घेतला आणि आईला मोबाइलवर नातवाचे फोटो पाठवतो, एवढाच त्याचा अर्थ. पण वर शालीत शरदरावांना धडकी भरली. ही बातमी ऐकून अनुराधा जिन्यातच कोसळणार!

अनुराधा जिना चढून आली. घामानं निथळणाऱ्या नवऱ्याकडे तिनं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“फार त्रास होतोय?”

“सहन करतोय,” शरदराव म्हणाले. हे मात्र खरं होतं.

तिनं रिपोर्ट मागितले नाहीत. डॉक्टरचं नाव विचारलं नाही. पदर खोचून स्वयंपाकघरात गेली आणि दुधी उकडला. बिनमिठाचा. रविवारी सकाळी मुगाचं पाणी, दुपारी पुन्हा दुधी. मानसीदींनी खास सांगून आणवलेली ‘संदेश’ नावाची बंगाली मिठाई अनुराधानं शरदरावांसमोर बसून, एकेक तुकडा चवीनं खाल्ली. “तुम्हाला चालणार नाही ना,” ती म्हणाली. शरदराव बिनमिठाचा दुधी गिळत तिच्याकडे बघत होते. आणि खरं सांगू? तो दुधी त्यांना गोड लागत होता. घरात बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी “पंखा बंद करू का?” असं विचारत होतं. बोलायचं, आत्ता बोलायचं, असं दर घासाला ठरवायचे, आणि घासाबरोबर गिळून टाकायचे. बोललो तर उठून जाईल. उद्या टेम्पो येईल तेव्हा बघू.

सोमवारी सकाळी जाग आली, तर सामान बांधून तयार. पुस्तकांची खोकी दोरीनं आवळलेली, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

“उठा,” अनुराधा म्हणाली. “टेम्पो आलाय. चक्रवर्ती खाली थांबलेत. बायपासला जायचं ना?”

शाल सरकली. शरदराव उठून बसले. “तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच.”

“मी? कधी?”

“मी खाली दाबून वाचते. रोज. अख्ख्या सबनीसांत मी एकटीच वाचत असेन.”

शरदरावांना बोलायला शब्द सापडेना. त्यांच्या बाबतीत ही मोठीच घटना.

“मग ताईला का सांगितलं नाहीस? ती रडतेय तिकडे.”

“काल सांगितलं. खूप शिव्या घातल्यात तुम्हाला. पण तुम्ही का नाही सांगितलंत?”

“मला वाटलं, रस्ता आहे म्हटल्यावर तू येणार नाहीस.”

“नसतेच आले. रस्ता बघायला कोण एवढं लांब येतं?” ती दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढत म्हणाली. “शेवटच्या ओळी वाचून आले. वन्संचा फोन यायच्या आधीच तिकीट काढलं होतं.”

शेवटच्या ओळी शरदरावांना पाठ होत्या. गॅसच्या जुन्या दिव्यात मुख्य चावी बंद केली, तरी बाजूच्या बारीक नळीतून जराजरासा गॅस येत राहायचा. तिचं नाव बायपास. तिच्यावर एवढीशी ज्योत टिकायची, म्हणजे दिवा पुन्हा पेटवताना काडी शोधावी लागू नये. रस्त्याला आणि काळजाला हे नाव मागाहून मिळालं. आणि त्याच्याखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘हे मी एका माणसाला फार चुकीच्या वेळी आणि अर्धंच सांगितलं.’

“मग तो दुधी कशासाठी?” त्यांनी विचारलं.

“ती शिक्षा होती. शाळा जूनमध्ये उघडते. तोवर आहे मी. पुढचं काय ते मला विचारून ठरवायचं.”

“विचारून,” शरदराव म्हणाले.

टेम्पो पुढे गेला, ही दोघं मागून टॅक्सीत. बायपासला लागले आणि अडकले. पुढे बस, मागे बस, बाजूला इस्पितळाची गाडी कोकलत उभी. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. अनुराधानं खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं, पदरानं वारा घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “अहो, हा ट्रॅफिकचा जॅम आणि पावाला लावायचा जॅम, हे एकच का?”

शरदरावांच्या ओठांवर सगळं आलं. दाबणं, चेपणं, ठासून भरणं, पुढे फळांचा लगदा, त्यावरचे वाद. त्यांनी तोंड उघडलं. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. घामेजलेला, दमलेला, आणि किती दिवसांनी इतका जवळ. त्यांनी तोंड मिटलं.

“काय की,” ते म्हणाले. “मला नाही माहीत.”

अनुराधा झटकन वळली. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला, मनगट धरून नाडी पाहिली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा खरोखर उतरला.

“अहो, तब्येत बरी आहे ना तुमची?”