एकटीची कॉफी

"वर्कनेशला या जन्मी माझ्या हातची कॉफी पाजणार नाही!" असं अस्कालेनं भर जिन्यात जाहीर केलं, तेव्हा त्यातली अडचण तिच्या लक्षात आली नव्हती. आदिस अबाबातल्या आमच्या इमारतीत कॉफी करायची म्हणजे जिन्यातल्या सगळ्यांना बोलवायचं. एकीला वगळलं तर उघड भांडण, आणि एकटीनं प्यायली तर त्याहून वाईट; तशी कॉफी चोर पितात, नाहीतर भुतानं झपाटलेले. त्यामुळे धडा शिकवायचा होता वर्कनेशला आणि उपास घडत होता अस्कालेला. तिचं डोकं परवापासून ठणकत होतं.

कारण तसं गंभीरच होतं. खालच्या मजल्यावरची ही वर्कनेश अस्कालेकडच्या बैठकीतून दुसऱ्या पेल्यालाच उठली होती. घराला आशीर्वाद असतो तो तिसऱ्या पेल्यात. तो न घेता उठणं म्हणजे यजमानणीच्या तोंडात मारणं. शिवाय जाता जाता म्हणाली, "बिया निवडताना चष्मा लावत जा गं!"

"अगं, टाक एकदाची माफ करून," अस्कालेचा नवरा बेलेते कपाळ चोळत म्हणाला. उपास त्यालाही घडत होता.

"माफ? भाऊ हरारहून बिया पाठवतो माझा, त्यांना नावं ठेवली तिनं! खिडक्या लावा तुम्ही. करतेय मी कॉफी. आपल्या दोघांपुरती."

"दोघांपुरती?" बेलेतेनं घाबरून दाराकडे पाहिलं. "लोक काय म्हणतील?"

"कळलं तर म्हणतील ना!"

रविवारची दुपार होती. अस्कालेनं सुपात बिया घेतल्या आणि मुद्दाम चष्मा न लावता निवडल्या. मग धुऊन कोळशाच्या शेगडीवर भाजायला ठेवल्या. एरवी हा धूर कौतुकानं पाहुण्यांच्या नाकापर्यंत न्यायचा असतो. आज तो कोंडायचा होता. बेलेतेनं दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. थोड्याच वेळात नवराबायको एकमेकांना दिसेनासे झाले.

आता राहिलं कुटणं. उखळाचा ठोका म्हणजे आमच्याकडे आमंत्रणच. तो कानावर पडला की माणसं चपला शोधू लागतात. म्हणून अस्कालेनं कपाटावरून विजेचं यंत्र काढलं. दुबईच्या भाचीनं दिलेलं ते यंत्र, "कॉफी काय दळायची असते?" असं म्हणून तिनंच वर टाकलं होतं. तिनं बटण दाबलं, यंत्र एकदा किंचाळलं आणि अख्ख्या जिन्याची वीज गेली.

वीज जाणं ही आमच्याकडे बातमी नव्हे. पण टीव्ही बंद पडले, रेडिओ बंद पडले आणि इमारत चिडीचूप झाली.

"आता?" बेलेते खोकत म्हणाला.

"आता उखळ!" अस्कालेनं रागानं यंत्राची वायर उपटली.

"आणि आवाज?"

"गादीवर ठेवून कुटते की."

पलंगावर गादी, गादीवर उशी, उशीवर उखळ आणि या सगळ्यावर पांघरूण घेऊन अस्काले. ठोका मऊ झाला खरा, पण पलंगाचे पाय जमिनीवर आपटू लागले. धप्प! धप्प! त्या शांततेत तो आवाज तळमजल्यापर्यंत पोचला.

"अस्कालेच्या घरातून धूर येतोय!" जिन्यात कुणीतरी ओरडलं.

"आतून धडका मारताहेत! कोंडलेत गं बिचारे!"

दारावर थापा पडल्या. बेलेतेचा धीर सुटला आणि त्यानं दार उघडलं. सगळ्यांत पुढे, पाण्याची बादली घेऊन, वर्कनेश होती. धूर बाहेर गेला तशी पांघरुणातून डोकं काढलेली, हातात मुसळ घेतलेली अस्काले सर्वांना दिसली.

सगळ्यांत वडीलधारे, आम्ही ज्यांना आदरानं गाशे म्हणतो ते म्हातारे तेफेरा, त्यांनी हवा हुंगली.

"कॉफी," ते हळूच म्हणाले. "एकटीनं!"

अस्कालेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मान खाली घालेल तर ती अस्काले कसली!

"हो, एकटीनं! बिया माझ्या, उखळ माझं. आग विझवायला आलात ना? नाहीये आग. निघा!"

कुणी निघालं नाही. वर्कनेशनं बादली ठेवली आणि उखळात बोट घातलं.

"हे कुणी चावलंय?"

"यंत्रानं."

"यंत्रानं? लाज नाही वाटली, बाई?" तिनं उखळ जमिनीवर घेतलं, मुसळ हिसकावलं आणि दणादण कुटायला लागली.

"माझ्या हातची मिळणार नाही तुला!"

"कोण मागतंय तुझ्या हातची? कुटतेय कोण?"

"ओतेल बेलेते," गाशेंनी निकाल दिला.

बेलेतेनं आयुष्यात कॉफीचं मडकं उचललं नव्हतं. त्यानं अर्धी पेल्यात ओतली, अर्धी तबकात. पहिला पेला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला सगळ्यांच्या नजरा वर्कनेशकडे वळल्या. ती हलली नाही. तिनं पेला पुढे केला, आणि तेवढ्यात वीज आली.

खालच्या मजल्यावरून आवाज आला. घुर्रर्र! तीच किंकाळी.

सगळे आधी जमिनीकडे पाहू लागले, मग वर्कनेशकडे.

"वर्कनेश," अस्काले अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुझ्या घरी कोण दळतंय गं?"

"सातू..." वर्कनेश पेल्यात पाहत म्हणाली. "सातू दळत होते."

अस्कालेनं नवऱ्याच्या हातून मडकं घेतलं आणि स्वतःच्या हातानं वर्कनेशचा पेला काठोकाठ भरला.

"पी. आशीर्वाद सोडू नकोस. मग सगळेच खाली जाऊ, तुझा सातू बघायला." ती उठली आणि कपाटाकडे वळली. "थांबा जरा, चष्मा घेते माझा."

गाशे तेफेरा तोवर चपला शोधायला लागले होते.