टाकीला खिडकी

द्राक्षांची तोडणी तोंडावर आली तेव्हा वाइनवाल्याने काँक्रीटची टाकी बांधून घेतली. पुरुषभर उंच, अंड्यासारखी. स्टील उन्हाने तापतं, लाकूड रसाला स्वतःचा वास लावतं. काँक्रीट मुकाट्याने थंडावा धरून बसतं. बायको म्हणाली, "घरात असं कुणीतरी हवंच होतं."

चौथ्या दिवशी इमारत निरीक्षक आले. त्यांनी टाकीवर टिचकी मारली.

"काँक्रीट. म्हणजे पक्कं बांधकाम."

"साहेब, वाइन मुरवायचं भांडं आहे हो ते!"

"भांड्याला रकाना नाही. व्यापारी इमारतीला दोन रस्ते लागतात, तुम्हाला एकच आहे. निवासी लिहितो. आत किती?"

"तीन हजार लिटर."

निरीक्षकांनी सुवाच्य अक्षरात 'रहिवासी : तीन हजार' असं लिहिलं आणि स्वतःच हादरले. "इतक्या जिवांना एक खिडकी नाही? काही माणुसकी? मंजुरीआधी एक थेंब जरी आत गेला तर सील ठोकीन."

वाइनवाला कचेरीत गेला. मोठ्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चूक आमचीच आहे. पण दुरुस्ती फक्त मंजूर अर्जात होते, आणि मंजुरीला खिडकी लागते. तुम्ही आधी भिंतीत खिडकी पाडून घ्या, मग ती नको म्हणून अर्ज करा."

इकडे घड मऊ पडू लागले होते. "अजून आठवडा थांबा," बायको म्हणाली, "मग मनुकाच तोडू."

शेवटी गवंड्याला बोलावलं. आपल्याच हाताने गुळगुळीत केलेल्या भिंतीवर छिन्नी ठेवताना त्याने तोंड फिरवलं. वाइनवाल्याला तेही जमलं नाही; तो बघत राहिला. निरीक्षकांनी खिडकी मोजली, उजेड पाहून समाधान मानलं. दाखला आला : 'हवेशीर. निवासास योग्य.'

त्याच दिवशी वाइनवाल्याने खिडकी बुजवण्याचा अर्ज दिला.

"निवासी इमारतीची खिडकी बुजवता?" मोठे साहेब दचकले. "गुन्हा आहे तो!"

तोवर द्राक्षं पाखरांनी संपवली होती. वाइनवाल्याने चिडून फाटकावर पाटी लावली : 'खोली भाड्याने देणे. भिंती गोल. दार नाही. आडवं होता येत नाही.'

सकाळी फाटकापासून वळणापर्यंत रांग होती. चांगली शिकलीसवरलेली, तुमच्याआमच्यासारखी माणसं. एकेक जण खिडकीतून डोकं घालून आत बघून येई. झोपायचं कसं, हे कुणीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच :

"कागदपत्रं क्लिअर आहेत ना?"