इंग्रजी चूल आणि आमचे डोमाजी

डोमाजी कुलपाला हात लावण्याआधी त्याला राम राम करीत. थट्टेने नव्हे. टोपी नीट करायची, उकिडवं बसायचं, कुलूप डोळ्यांसमोर आलं की हळूच म्हणायचं, "राम राम जी." मग बांबूची बारीक नळी कानाला लावून किल्लीच्या भोकातून आतलं ऐकायचं. काय ऐकू येई ते त्यांनाच ठाऊक. "आधी चौकशी, मंग हातोडी," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. हातोडी मात्र मी त्यांच्या हातात फारशी पाहिली नाही.

मूल गावच्या बाजारात माझ्या हॉटेलसमोर चिंचेखाली ते बसत. एकदा शाळेच्या मास्तरांचं कपाट उघडेना. डोमाजींनी नळी लावली आणि मास्तरांकडे वळून विचारलं, "सकाळी घरी तापले होते का जी?" मास्तर घरी भांडूनच निघाले होते. "तरीच. किल्लीले झटका देल्ला तुमी. आतली खिट्टी वाकून राह्यली." पाटलांची पेटी उघडली तेव्हा झाकण वर होण्याआधीच डोमाजी भिंतीकडे तोंड करून बसले. "कुलूप माहं, आतलं तुमचं."

माझं त्यांच्याशी जमणं कठीण होतं. मी डोक्यावरच्या टोपलीतून चिवडा विकत हॉटेलपर्यंत आलेला माणूस. भाव केल्याशिवाय मी वाण्याकडून मीठही घेत नाही. आणि डोमाजी भावच सांगत नसत. "किती घ्याल?" म्हटलं की "तुमच्या मनात असन ते." आता घासाघीस करायला समोरून काहीतरी यावं लागतं. अशा माणसापुढे मी दोनदा रागाच्या भरात जास्त देऊन बसलो, आणि तो राग पुन्हा वेगळाच.

पण खरा राग माझा आलापल्लीकडच्या एका बाबूवर आहे, आणि तो मी अजून सोडलेला नाही. तिकडच्या जंगलात एका लाकूड कंपनीच्या साहेबाचा बंगला होता. साहेब विलायतेला गेला आणि सामान विकायला निघालं. बाबूशी दोन दिवस भांडून मी तिथली इंग्रजी चूल पटकावली. बिडाची, बसलेल्या म्हशीएवढी. वर चार तोंडं, डावीकडे लाकडं घालायची जागा, उजवीकडे पाव-बिस्किटं भाजायची पेटी, आणि पेटीला लोखंडी दार. बाबूने ते दार दहा वेळा उघडून लावून दाखवलं. दाखवलं, पण थंड चुलीचं. तापल्या चुलीचं दाखव म्हणायचं मला सुचलं नाही. आयुष्यात सौद्यात एवढी एकच चूक माझ्या हातून झाली.

चूल बैलगाडीने मूलला आणली, पेटवली, नानकटाईचा पहिला पत्रा आत ठेवला. बाजारात अशी भट्टी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. वास सुटला, माणसं जमली, मी रुबाबात कडी ओढली. दार हललं नाही. मी ओढलं, लाथ घातली, बाबूच्या सात पिढ्या काढल्या. चूल निवल्यावर दार एका बोटाने उघडलं. आत कोळसा होता.

डोमाजींना बोलावलं. ते उंबऱ्यातच थबकले.

"कुठून आणली भाऊ?"

"आलापल्लीकडून. बंगल्यावरची."

त्यांनी टोपी काढली, आत आले आणि दारावर तळहात ठेवून उभे राहिले. राम राम केला नाही. नळीही काढली नाही. माझ्या ते ध्यानात आलं, पण वाटलं, विलायती मालाशी ह्यांची बोलचाल नसेल.

मग तीन दिवस चौकशी. पहिल्या दिवशी चूल पेटवायला लावली आणि समोर बसून चार कप चहा प्याले. दुसऱ्या दिवशी विचारलं, "लाकडं कोणती जाळता?"

"धावडा."

"बरं आहे. तिले धावडाच चालते."

तिला काय चालतं हे ह्यांना कुठून कळलं, ते विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. तिसऱ्या दिवशी बिजागरीला तेल घातलं, जे मीही घातलं असतं.

"डोमाजी, दुरुस्त करून राह्यले का पाहुणचार घेऊन राह्यले?"

"घाई नोका करू भाऊ. आधी चौकशी."

चौथ्या दिवशी मालगुजारांच्या घरी लग्न होतं. नागपूरच्या पाहुण्यांसाठी नानकटाईचं काम समोरच्या हलवायाच्या तोंडातून मी काढून आणलं होतं. इंग्रजी चुलीवरची म्हणून चार लोकांत छाती ठोकली होती. आदल्या रात्रीपर्यंत दार नीट करतो, असं डोमाजींनी कबूल केलं होतं. सकाळी पत्रा आत गेला. वास सुटला. मी कडी ओढली आणि दार जागचं हललं नाही. समोर हलवाई आपल्या पायरीवर येऊन उभा राहिला, हात बांधून, निवांत.

माझं डोकं फिरलं. मागून लोखंडी सब्बल, पहारच ती, उचलून आणली. "आता दारच फोडतो."

डोमाजी पाठीमागून आले आणि चूल नि सब्बल यांच्या मधे उभे राहिले. त्या बारीक अंगाच्या माणसाने माझा हात असा धरला की मी पाहतच राहिलो. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा रांजणात बुचकळला, पिळला आणि कडीच्या मुळाशी लावला. चर्र आवाज झाला. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले, बोटाने दोनदा टिचकी मारली, आणि दार उघडलं.

नानकटाई बदामी रंगाची झाली होती. हलवाई आत गेला.

काम मालगुजारांकडे पोचवलं आणि मग मी डोमाजींवर तुटून पडलो. "म्हणजे तुमाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मंग तीन दिवस काऊन बसून राह्यले?"

ते चुलीसमोर उकिडवे बसले होते. कडीच्या मागे बोट घालून त्यांनी मला दाखवलं. लोखंडाच्या खाचेत पितळेची बोटभर पट्टी ठोकलेली होती.

"तापली का पितळ फुगते, खाचेत फसते. ओलं लावलं का आकसते. हे मीच बसवलं भाऊ. बंगल्यावर मी पाणी भरे, लाकडं फोडे. पाव माही बुढी भाजे, माही घरवाली. साहेबाले तिच्याच हातचा पाव लागे. मंग तिच्या डोळ्यात वडस आलं. दिसेना. साहेबाले सांगावं तं काम जाते. दोनदा हात भाजून घेतला तिनं, तरी आयकेना. मंग तिच्याच पळीचा दांडा कापला अन् हे बसवलं. दार उघडाचं असलं का मले हाक माराच लागे."

"मारे?"

"दिवसातून चार येळा. 'कुठी गेले जी, दार अडलं.' शिव्या देत देत." ते हसले. "ओला दुपट्टा घेऊन मी धावत जाओ. तिले वाटे, मले काही जादू येते."

बुढी जाऊन सहा वर्षं झाली होती. ते मूलला आले आणि कुलपांशी बोलायला लागले, ते त्याच्यानंतर.

"पण डोमाजी, तुम्ही हिले राम राम नाई केला."

"घरच्या माणसाले कोणी राम राम करते का, भाऊ?"

मग त्यांनी पिशवीतून कानस काढली. "थांबा, काढून देतो पट्टी. तुमचं काम अडून राह्यलं." कानस पट्टीवर ठेवली आणि तशीच ठेवून बसले.

मी ती हिसकावून घेतली. "ठेवा तिकडं. पितळ काढलं अन् दार ढिलं झालं तं कोण जबाबदार? तुम्हीच बसवलं न, तुम्हीच उघडत जा. रोज. मी हाक मारीन. अन् भाव आत्ताच सांगा, मनातलं बिनातलं चालणार नाई."

त्यांनी बराच विचार केला. "एक चहा. अन् पत्र्यातली कडेची नानकटाई."

मी घासाघीस केली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी दारात उभा राहून ओरडतो, "डोमाजी, दार अडलं." ते हातातलं कुलूप तसंच टाकून, ओला दुपट्टा घेऊन, मला दोन शब्द ऐकवत रस्ता ओलांडतात.

मागच्या हिवाळ्यात ते चार दिवस तापाने पडले होते. गिऱ्हाईक तर येतच होतं. मी फडकं भिजवून कडीला लावलं, दोन टिचक्या मारल्या. दार उघडलं. चारही दिवस उघडलं. पाचव्या दिवशी ते काठी टेकत आले, तेव्हा मी कडी कोरडी पुसून ठेवली होती.

"मी नव्हतो तं कसं केलं जी?"

"काय करणार? भट्टी बंद होती. दार कुठी उघडते?"

डोमाजींनी दारावर तळहात ठेवला. "नाई उघडत," ते म्हणाले, आणि दुपट्टा भिजवायला रांजणाकडे गेले.