आबासाहेबांच्या मोटारीवरील गॅस्केटाचा आळ आणि त्याचा निवाडा

ज्यांस जुनी मोटार आहे त्यांनी काळीज घट्ट करून ऐकावी, आणि ज्यांस नाही त्यांनी सुखाने ऐकावी, ऐसी ही हकीकत. लिहिणाराने जे डोळां देखिले ते लिहिले, जे कानी आले ते दोघांस पुसून लिहिले, आणि जेथे दोघांचा मेळ बसला नाही तेथे आबासाहेबांच्या पत्नी माईसाहेब यांचे खरे मानिले, कारण त्या घरचा दस्तूर तोच.

घरचे मुख्य राजमान्य आबासाहेब. यांनी एकतीस वर्षे प्रवासी बस हाकिली, लक्षावधी माणूस बिनतक्रार मुक्कामास पावते केले, आणि रोज कामाअखेर चावी डेपोतील खिळ्यास टांगून पायी घरी येत. मग सेवेतून निवृत्त जाहले आणि त्याच महिन्यांत एक निळी मोटार खरेदी केली. मोटार तेव्हाच बारा वर्षांची, आता बावीस वर्षांची; पण तिची चावी आबासाहेबांच्या स्वतःच्या खिशात राहिली, हे सुख त्यांस आयुष्यात प्रथम. दर दोन दिवसांनी स्वारी भाजीबाजारापर्यंत जाई, तेथून वाचनालयास जाई आणि परत येई. एवढाच मुलूख, परंतु त्यावर अंमल निर्वेध.

ऐसे असता मोटारीस विलक्षण व्याधी जडली. पुढील डब्यात पाणी भरावे, आणि चार दिवसांनी पाहावे तो निम्मे गायब. खाली जमिनीवर थेंब नाही. इंजिन तापू लागले, काटा लाल रेघेकडे सरकू लागला, सकाळचे प्रहरी शेपटाकडील नळीतून पांढरा धूर निघू लागला, आणि तेलाचे बूच उघडिले तो आत साईसारखा पांढरा थर. आबासाहेबांनी बूच मुकाट्याने लाविले आणि ते वर्तमान कोणास कळविले नाही.

परंतु घरात जावई असता गुप्त वार्ता गुप्त राहील, हे होणे नाही. कन्येचे यजमान जावईबापू हे सर्व विद्यांत पारंगत, म्हणोन माघारी ‘सर्वज्ञ’ या किताबाने मशहूर. यांची स्वतःची मोटार नवी कोरी असोन, ती बिघडली असता फोन करावा इतकीच मोटारविद्या त्यांस अवगत. परंतु शनिवारी स्वारी आली, त्यांनी पांढरा धूर दुरून पाहिला, बूच उघडविले, आत बोट फिरविले, ते बोट सर्व मंडळीस दाखविले, आणि दिवाणखान्यात बसून फर्मान सोडिले की, हेड गॅस्केट गेले.

हेड गॅस्केट म्हणजे काय, ते अज्ञ वाचकांसाठी लिहितो. इंजिनाचे धड वेगळे आणि डोके वेगळे, आणि त्या दोहोंच्या मध्ये दाबून बसविलेला एक पातळ पत्रा. अग्नी, तेल आणि पाणी हे तीन हाडवैरी एकाच घरात राहतात, परंतु त्यांची गाठ पडू न देणे ही सारी जोखीम या पत्र्याकडे. तो फुटला म्हणजे पाणी अग्नीत जाते, तेल पाण्यात येते आणि इंजिनाचे राज्य बुडते. सबब जावईबापूंनी पुढे आज्ञा केली की, आता दुरुस्तीत अर्थ नाही, मोटार भंगारात द्यावी. आणि आज्ञा करून थांबले नाहीत, तर तेथूनच भंगारवाल्यांस फोन लाविला आणि रविवारी सकाळी अकराचा मुहूर्त ठरविला. चिरंजीवांनी अंमळ घसा खाकरिला, परंतु जावयाचा शब्द मोडावा कोणी? मग सर्वांनी माना हलविल्या.

आबासाहेब भोजनास बसले, दुसरे वेळी भाजी मागितली नाही, आणि उठून अंगणात जाऊन मोटारीच्या काचा पुसत राहिले. हे सूनबाईसाहेबांनी पाहिले.

सूनबाईसाहेब या रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत मुख्य. दिवसास दीडशे नमुने यांचे नजरेखालून जात, आणि मोठमोठे डॉक्टर अंदाज बांधून आले तरी यांचा कागद पाहिल्याखेरीज औषध लिहीत नसत. त्या मागोमाग अंगणात गेल्या आणि अर्ज केला की, रविवारी अकराचे आत मोटारीची रीतसर तपासणी करावी, नाक्यावरील गॅरेजचे उस्ताद आपल्या ओळखीचे आहेत, त्यांस बोलावू. आबासाहेबांनी साफ नकार दिला. त्यांनी फडके घडी केले, पुन्हा उलगडिले, आणि मग हळू आवाजात बोलिले, ते जसेच्या तसे लिहितो.

“तपासू नकोस गं. गेल्या महिन्यात पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. काटा लाल झालेला दिसत होता मला, तरी नाही थांबलो. मागचे हॉर्न वाजवत होते. एकतीस वर्षं नवीन पोरांना शिकवलं की काटा लाल झाला तर गाडी बाजूला घ्या, आणि माझ्या गाडीला मीच मारलं.”

सूनबाईसाहेबांनी दुसरे फडके घेतले आणि पलीकडील काच पुसावयास लागल्या.

“आबा, रिपोर्ट यायच्या आधी मी कुणालाच आजारी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हालाही दोषी म्हणणार नाही. उद्या आठला उस्ताद येतील.”

यावर आबासाहेबांनी फडके झटकून खांद्यावर टाकिले, आणि तीच मंजुरी धरण्यात आली.

रविवारी आठाचे सुमारास उस्ताद हत्यारांची पेटी घेऊन डेरेदाखल जाहले. गृहस्थ कृश, मितभाषी, कानावर पेन्सिल. जावईबापूही हजर होते, कारण आपला निकाल शाबीत होताना पाहणे त्यांस जरूर वाटले. आरंभी उस्तादांनी तेलाची पट्टी उपसली आणि सूनबाईसाहेबांनी ते तेल पांढऱ्या बशीवर घेऊन, उजेडात धरून, बशी चहूकडून फिरवून पाहिले. तेल काळे, परंतु निर्मळ. पाणी मिसळले असता तेल दुधाळ होते, त्याचा लवलेश नाही. मग बुचाखालील साय कोठून आली, ऐसी विचारणा जावईबापूंनी केली. तेव्हा उस्तादांनी निवेदन केले की, मोटार भाजीबाजारापर्यंतच जाते, इंजिन पुरते तापत नाही, आणि मग थंड बुचास आतून घाम धरतो, तो हा. सकाळचा धूरही त्याच घराण्यातील. जावईबापूंनी हे ऐकून घेतले, परंतु त्यांची खातरी पटली नाही.

मग रेडिएटरचे, म्हणजे पुढील पाण्याच्या डब्याचे, झाकण इंजिन थंड असता काढिले आणि मोटार चालू केली. सर्व मंडळी त्या भोकाभोवती वाकली. गॅस्केट फुटले असेल तर अग्नीचा वारा पाण्यात शिरून बुडबुडे उठावे, ऐसा नियम. पहिला बुडबुडा उठला. दुसरा उठला. मग एकदम पाच उठले आणि जावईबापूंनी चिरंजीवांच्या पाठीवर थाप मारिली. आबासाहेबांचा हात मडगार्डावर होता, तो त्यांनी काढून घेतला. परंतु उस्ताद घड्याळाकडे पाहत उभे राहिले, आणि तिसरे मिनिटास बुडबुडे बंद पडले, ते पुन्हा उठलेच नाहीत. पाणी वरचेवर भरताना हवा अडकली होती, तेवढी बाहेर पडली.

आता अखेरची कसोटी. उस्तादांनी पेटीतून काचेची जाड नळी काढिली, तीत निळे औषध घातले, आणि खुलासा केला की, नळी रेडिएटरचे तोंडावर ठेवून तेथील हवा या औषधातून ओढावयाची. जळालेल्या पेट्रोलाचा वायू पाण्यात शिरला असेल तर निळे पिवळे होते. हे ऐकून सूनबाईसाहेबांस माहेरचे माणूस भेटल्याचा आनंद जाहला. परंतु त्यांनी तत्काळ हरकत घेतली की, औषध जुने असेल आणि निळेच राहिले, तर तो निकाल आम्हांस मान्य नाही. अगोदर औषधाची परीक्षा करावी. उस्तादांनी कानावरील पेन्सिल काढिली आणि पुन्हा लाविली, आणि बोलिले की, बावीस वर्षांच्या धंद्यात हे मला कोणी सांगितले नाही.

मग औषधाच्या परीक्षेसाठी चालू इंजिनाचा धूर पाहिजे, आणि दाराशी जावईबापूंची नवी कोरी मोटार उभी. सूनबाईसाहेबांनी मोठ्या अदबीने त्यांची परवानगी मागितली आणि नळी तिच्या शेपटाशी धरिली. औषध पाहता पाहता पिवळे झाले. जावईबापूंनी चार वेळा विचारिले की आपल्या मोटारीस काही झाले नाही ना, आणि चारही वेळा त्यांस अभय देण्यात आले.

मग नवे निळे औषध घातले आणि आबासाहेबांच्या मोटारीचे तापल्या पाण्यावर नळी धरिली. रबरी फुगा उस्तादांनी दाबिला, सोडिला, दाबिला, सोडिला. याच समयी भंगारवाल्यांचा टेम्पो फाटकात येऊन दाखल जाहला आणि भंगारवाले खाली उतरून, टायरास एक लाथ मारून, तेही नळीकडे पाहत उभे राहिले. एक मिनिट गेले. दोन गेले. सूनबाईसाहेबांनी नळी हातात घेतली आणि पांढऱ्या बशीपुढे धरिली. औषध निळे. मोटारीहून निळे.

“गॅस्केट ठीक आहे, आबा,” त्या म्हणाल्या.

आबासाहेबांनी नळी स्वतः हाती घेऊन पाहिली, चष्मा वर करून पाहिली, आणि परत देण्यापूर्वी पुन्हा एकवार उजेडात धरून पाहिली.

परंतु जावईबापूंचा किल्ला अद्याप पडला नव्हता. त्यांनी सवाल केला की, गॅस्केट शाबूत, तर मग पाणी जाते कोठे? सवाल बिनतोड होता. उस्तादांनी रेडिएटरचे तोंडास हातपंप जोडून आत दाब भरिला. दाबाचा काटा चढला आणि मग हळूहळू उतरू लागला. पाणी कोठून तरी निसटत होते खास. मग उस्ताद, चिरंजीव, आबासाहेब आणि खुद्द भंगारवाले असे चौघे जण मोटारीखाली गुडघे टेकून वाकले. जमीन कोरडी ठणठणीत. जावईबापू विजयी मुद्रेने उभे होते आणि भंगारवाले टेम्पोतील दोर काढावा की न काढावा, या विचारात पडले.

ते समयी माईसाहेब चहाचा सरंजाम घेऊन बाहेर आल्या. चौघांस मातीत वाकलेले पाहून त्यांनी काय हुडकता म्हणोन पृच्छा केली, आणि पाणी हुडकतो ऐसे उत्तर मिळाले.

“पाणी ना? ते आत असतं,” माईसाहेब म्हणाल्या. “पुढच्या सीटच्या पायाशी. तीन महिने झाले, पाय ओले होतात म्हणून तर मी मागे बसते.”

चौघेही गुडघे झटकीत उठले. आबासाहेबांनी मोठ्या कष्टाने विचारिले की, मग हे सांगितले का नाही.

“मला कुणी विचारलं?” माईसाहेब म्हणाल्या, आणि पेले भरू लागल्या.

उस्तादांनी दार उघडिले, पायाखालील गालिचा सोलून काढिला, आणि खाली तळे. पाण्यास गोडसर वास आणि हिरवट झाक, रेडिएटरमधील तेच. गाडीत ऊब देणाऱ्या हीटरचा एक लहानसा रेडिएटर डॅशबोर्डाच्या दर्शनी फळीमागे दडून असतो, तोच पाझरत होता. पाणी गालिच्याखाली मुरत गेले, इंजिन तहानेने तापले, आणि इकडे मधला पत्रा बापडा फुकट बदनाम जाहला. पुलावरचा तो लाल काटा पाणी कमी पडल्याचा होता, आणि इंजिनाने तो सोसला, ऐसा उस्तादांनी, सूनबाईसाहेबांनी ती हकीकत कानी घातल्यावरून, आबासाहेबांस मुद्दाम जवळ जाऊन खुलासा केला. मग हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या काढून एकमेकींस जोडून टाकिल्या, म्हणजे पाणी त्या वाटेस जाणारच नाही. काम पाऊण घटकेचे. भंगारवाले चहा घेऊन, पांढरी बशी वाखाणून, रिकामा टेम्पो घेऊन कूच करिते जाहले. जावईबापूंनी जाहीर केले की, आपला संशय प्रथमपासून हीटरवरच होता. मंडळींनी त्यांस अधिक बिस्किटे वाढिली.

मग त्याच दिवशी दुपारी आबासाहेब, माईसाहेब आणि सूनबाईसाहेब ऐसे तिघे जण टेकडीवरील पाण्याच्या टाकीपर्यंत चाल करून गेले. चढ मोठा, वळणे सात. काटा मध्यावर गेला आणि मध्यावरच राहिला. वर पोहोचल्यावर आबासाहेब इंजिन बंद न करिता बराच वेळ नुसते ऐकत बसले, आणि माईसाहेबांनी त्यांस बसू दिले.

येणेप्रमाणे नोंद केली जाते की, मोटार निळी, वय बावीस, हिजवर घेतलेला हेड गॅस्केटाचा आळ तीन कसोट्यांअंती खोटा ठरला आणि मोटार मानाने घरी राहिली. आबासाहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडून पाणी पाहिले, रेषेवर होते. तिसऱ्या दिवशी पाहिले, रेषेवर होते. ऐसे सात दिवस रोज पाहिले. नववे दिवशी आबासाहेब उठले, गाडीत बसले आणि बॉनेट न उघडता फाटकाबाहेर निघून गेले. फत्तेचा दिवस तोच धरावा.