नानांचा खाडा

सुकदेवनानांनी यंत्राचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं ठरवलं, आणि सगळा घोळ तिथेच झाला. अहो, घरात नवी वस्तू आली की शहाणा माणूस बटण दाबून बघतो. चालली तर चालली, नाहीतर बाजूला दोन थापा मारतो. पुस्तक कोण वाचतं? पण नाना पडले पाटबंधारे खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. छापील कागद दिसला की हात आपोआप चष्म्याकडे जायचा. त्यातून हे पुस्तक इंग्रजी, म्हणजे थेट वरून आलेलं परिपत्रकच.

यंत्र होतं भांडी घासायचं. साल चौऱ्याण्णव. देवपुरातल्या त्यांच्या गल्लीत कपडे धुण्याचं मशीन तेव्हा दोनच घरांत होतं, तेही भरतकामाचं कव्हर घालून ठेवलेलं. भांडी घासणारं यंत्र असतं हे कोणाला ऐकूनही माहीत नव्हतं. नानांचा मुलगा हेमराज मस्कतला नोकरीला. दिवाळीला आला तो हे धूड लाकडी खोक्यात घालून घेऊन आला. प्लंबर बोलावून नळ जोडला, पावडरीचे डझनभर डबे फडताळात रचले आणि भांडी घासणाऱ्या भिकुबाईला परस्पर सांगून टाकलं, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

मग नानांना म्हणाला, "नाना, आता तिचे खाडे नकोत, तिची वाट बघणं नको. तुम्ही मोकळे."

नाना "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मुलाने एवढं समुद्रापलीकडून आणलेलं. आता भिकुबाई सकाळी साडेआठला यायची, दहा मिनिटं भांडी घासायची आणि चाळीस मिनिटं बोलायची, आणि नानांच्या पत्नी यशोदाबाई गेल्यापासून त्या घरात दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं व्हायचं, हे मुलाला कसं सांगायचं? कोणाच्या सुनेने माहेरी चिठ्ठी धाडली, सोनगीरच्या बहिणीची म्हैस कशी आटली, सगळं नानांना पाठ असायचं. सांगितलं असतं तर हेमराजने पुढच्या खेपेला रेडिओ आणला असता. (रेडिओ होताच. तो नानांचं काही ऐकून घेत नसे.)

हेमराज गेला आणि नानांनी पुस्तक उघडलं. सहाव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की यंत्र पूर्ण भरल्याशिवाय चालवू नये. नानांनी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली. यंत्र बारा माणसांच्या भांड्यांचं. नाना माणूस एक.

पहिल्या दिवशी त्यांनी एक थाळी, एक वाटी, एक पेला आत ठेवला आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर आतल्या वरणाने बोलायला सुरुवात केलेली. वापरातल्या चारच थाळ्या. बाकीची भांडी यशोदाबाईंच्या नावाची, माळ्यावर गोणपाटात बांधलेली. ती खाली काढायला नानांचा हात धजत नसे. पाचव्या दिवशी त्यांनी डब्याच्या झाकणात भाकरी खाल्ली, सहाव्या दिवशी बशीत भरीत. सातव्या दिवशी घरात ताम्हन तेवढं स्वच्छ उरलं. देवाच्या भांड्यात कांद्याची पात कशी घ्यायची? नाना उठले, पायात चपला सरकवल्या आणि समोरच्या लताबाईंचं दार वाजवलं.

"लताबाई, जरा अडचण होती. तुमच्याकडे काही उष्टं आहे का?"

लताबाईंचा हात तोंडावर गेला. "अहो नाना! उष्टं काय मागता? ही काय वेळ आली तुमच्यावर!"

"तसं नाही हो, मला फक्त खरकटं..."

"अग बाई! हेमराज पैसे पाठवत नाही का?" असं म्हणत त्यांनी नानांना हाताला धरून पाटावर बसवलंसुद्धा. पुढ्यात शेवभाजी आली, गरम भाकरी आली. "गपचूप जेवा. मी काही ऐकणार नाही."

नाना खुलासा करणार होते. खरंच करणार होते. पण शेवभाजीची तर्री लालभडक होती आणि 'अजून एक घ्या' असं त्यांना दोन वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. तिसरी भाकरी संपल्यावर त्यांनी यंत्राची गोष्ट सांगितली. लताबाई पोट धरून हसल्या आणि घरातली होती नव्हती तेवढी भांडी टोपलीत भरून स्वतः नानांकडे घेऊन आल्या.

यंत्र सुरू झालं. आत पावसासारखं धो-धो, मध्येच गुरगुर, मग एकदम सामसूम. लताबाई खुर्ची ओढून यंत्रासमोर बसल्या त्या दीड तास हलल्या नाहीत. थाळ्या बाहेर निघाल्या तेव्हा त्यांनी एक उचलून तोंड पाहिलं, टिकली सरळ केली आणि गल्लीभर सांगत सुटल्या.

दुसऱ्या दिवसापासून नानांच्या घराची जत्रा झाली. पाच घरांच्या बायका टोपल्या घेऊन यायच्या. भांड्यांवर नावं घातलेली, तरी अदलाबदल होईल म्हणून प्रत्येकजणी आपापल्या भांड्यांवर लक्ष ठेवून बसायची. बसल्या बसल्या मेथी निवडली जायची, लसूण सोलला जायचा, नाना चहा टाकायचे. कापडवाल्या जवरीलालशेठच्या कुसुमलताबहेन आधी दारातच थबकल्या.

"नाना, यात कांद्या-लसणाची भांडी घालता का?"

"घालतो."

"मग आमची नाही चालणार."

हेडक्लार्क अशा प्रसंगासाठीच जन्माला येतो. नानांनी वेळापत्रक केलं आणि यंत्रावर चिकटवलं. शेठजींकडे जेवणं सूर्यास्ताच्या आत आटोपायची, म्हणून पहिली पाळी त्यांची. मग यंत्र रिकामंच एकदा गरम पाण्याने धुवायचं (पुस्तकाला विचारून), आणि मग बाकीच्यांची पाळी. बोअरचं पाणी जड, म्हणून पुस्तकात मीठ घालायला सांगितलेलं. नाना पाच-पाच किलो खडेमीठ आणू लागले. वाणी म्हणाला, "नाना, एकट्यासाठी किती लोणचं घालता?" रोज सकाळी तळाची जाळी काढून ते दातांच्या जुन्या ब्रशने घासायचे. तीत मिरच्यांचे देठ, कढीपत्ता, कधी कोणाच्या बांगडीचा तुकडा. भांडी यंत्राने घासायची, आणि यंत्र नानांनी. पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मध्येच वीज गेली की अंधारात बायकांच्या गप्पा अजून रंगायच्या, आणि नाना देवाजवळ हळूच म्हणायचे की राहू दे थोडा वेळ अशीच. खूप दिवसांनी ते सुखात होते.

हे चाललं तीन आठवडे. मग नवलाई ओसरली. आधी लताबाई म्हणाल्या, "नाना, आज सीरियल आहे, टोपली ठेवून जाते." मग कुसुमलताबहेनकडचा गडी टोपली आणू लागला. मग सगळ्याच दारातून "नाना, ठेवली हं" म्हणायच्या आणि वळायच्या. पूर्वी बायका यायच्या आणि बरोबर भांडी असायची. आता नुसती भांडी यायची. नाना एकटेच पाच घरांचं खरकटं निपटत, रचत, धूत बसायचे. चहाची कपबशी एकच लागायची. तरी त्यांनी कोणाला नाही म्हटलं नाही. "ठेवली हं" एवढं तरी कानावर पडायचं.

अशात एका सकाळी दार वाजलं. साडेआठ वाजलेले. दारात भिकुबाई! नानांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी तिचा चेहरा बघितलाच नाही.

"ये ये, भिकुबाई! बस. चहा टाकतो."

"चहा नको," ती उंबऱ्यातच उभी राहिली. "नाना, तुमले पेन्शन शे. मना पोटवर पाय का बरं दिधा?"

"मी? मी काय केलं?"

"पाच घरं व्हतात मना या गल्लीमा. बठ्ठा गयात. बाया म्हनतस, नाना फुकट घासी देतस."

नाना मटकन खुर्चीत बसले. तीस वर्षं नोकरी केली, कोणाची साधी बदलीसुद्धा अडवली नव्हती. आणि आता एकटं वाटतं म्हणून चार माणसं गोळा करायला गेले, तर एका बाईची पाच घरं खाऊन बसले. त्यांना फार लाज वाटली.

"मी आजच सगळ्यांना सांगतो, आणू नका म्हणून."

"सांगू नका," भिकुबाई आत आली आणि पदर खोचून खाली बसली. "तुम्ही नही म्हना ते बाया म्हनतीन, भिकुबाईनी भडकावं. मंग मालेच घेवाव नहीत. त्यास्नी सोताच तुमले काढाले पाहिजे."

"मला काढतील? आणि कशा काढतील?"

भिकुबाईने कपाळाला हात लावला. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला नोकरीवरून जायचं कसं तेही शिकवावं लागतंय, याचं तिला नवल वाटलं असावं. मग तिने बोटांवर मोजून सांगितलं. पहिल्या दिवशी खाडा, न सांगता. दुसऱ्या दिवशी उशीर, आणि वर तोंड पाडून बसायचं. तिसऱ्या दिवशी एखादी कपबशी फोडायची. चौथ्या दिवशी कोणी काही बोललं की म्हणायचं, परवडत नसेल तर दुसरी बघा.

"आणि चहा टाका आते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नानांनी आयुष्यातला पहिला खाडा केला. पण खोटं बोलायची सवय नाही. 'गावाला गेलो होतो' म्हणायचं तर गावाला जायलाच हवं. त्यांनी एरंडोलची एस.टी. पकडली. एरंडोलला त्यांचं कोणी नव्हतं. दिवसभर स्टँडवरच्या बाकावर बसून त्यांनी दोनदा भजी खाल्ली, एका अनोळखी म्हाताऱ्याला तीनदा वेळ सांगितली, आणि पुरावा म्हणून तिकीट जपून खिशात घालून संध्याकाळी परत आले. दारात पाच टोपल्या आणि लताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"नाना, खाडा करायचा तर आदल्या दिवशी सांगायचं ना! माझ्याकडे पाहुणे होते!"

नानांनी तिकीट दाखवलं. लताबाईंनी ते बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी उशीर झाला. तिसऱ्या दिवशी कपबशी फोडायची होती, पण नानांना दुसऱ्याची वस्तू फोडवेना. त्यांनी स्वतःची कपबशी फोडली, आणि ती कोणाच्या लक्षातही आली नाही. चौथ्या दिवशी कुसुमलताबहेन आल्या. थाळीवर एक मेथीचं पान चिकटलेलं होतं.

"नाना, हल्ली तुमचं कामात लक्ष नाही."

नानांनी घसा साफ केला. रात्रभर पाठ केलेलं वाक्य. "परवडत नसेल तर... म्हणजे, आपली गैरसोय होत असल्यास... दुसरी व्यवस्था करण्यास हरकत नाही."

"तेच करणार आहोत," मागून लताबाई म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका, पण भिकुबाईचं काम स्वच्छ होतं हो. उद्यापासून तिला परत सांगितलंय."

काम फत्ते झालं. नानांना हसू आलं आणि दार लावल्यावर रडूही आलं. यंत्र रिकामं, हॉल रिकामा. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. पाचही घरं भिकुबाईला परत मिळाली, वर कोपऱ्यावरचं एक नवं. तिसऱ्या दिवशी नानांनी तिला गल्लीत गाठलं.

"भिकुबाई, मग माझ्याकडे कधीपासून येतेस?"

ती थांबली. तिच्या तोंडावर खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "नाना, टाइम कोठे शे? सहा घरं व्हई गयात. आनि तुमना घरमा शे काय? एक थाळी, एक वाटी. तुमनं यंत्र शे ना."

"ते पूर्ण भरल्याशिवाय चालवायचं नाही," नाना म्हणाले. आणि मग इतका वेळ छातीत अडकलेलं बाहेर आलंच. "भांड्यांचं राहू दे गं. मी घासीन. तू नुसती येऊन बोलत जा."

"बोलाले टाइम नही. हात चालतस तवयच तोंड चालस." ती चालू लागली, आणि चार पावलांवर थांबली. "आज लताबाईकडे सत्यनारायण शे. ऐंशी पानं. मी एकटी. येतस का?"

लताबाईंच्या मागच्या अंगणात भांड्यांचा ढीग पडला होता. नाना धोतर वर खोचून दगडावर बसले. भिकुबाईने राख आणि काथ्या स्वतःकडे ठेवला आणि विसळायची बादली त्यांच्यापुढे सरकवली. सोनगीरच्या बहिणीच्या म्हशीपासून सुरुवात झाली. म्हैस विकली होती. का विकली, कोणाला विकली, जावयाने मध्ये काय काड्या घातल्या, नाना तोंड उघडं टाकून ऐकत होते आणि हातातली थाळी तशीच होती.

इतक्यात लताबाई दारात आल्या. नानांनी विसळून ठेवलेली एक थाळी त्यांनी उचलली, उजेडात धरली, बोटाने राखेचा ओघळ पुसला आणि कपाळाला आठ्या घालून भिकुबाईकडे बघितलं.

भिकुबाईने ती थाळी त्यांच्या हातातून घेतली, नानांच्या बादलीत परत टाकली आणि म्हणाली, "नवा माणूस शे, बाई. चार दिनमा शिकी जाई."