ऑरिनची चौकशी

ऑरिन टॅगर्टने पिकअप मागे घेतली आणि चाकाखाली काहीतरी कडाडलं. उतरून बघतो तर शेजारच्या ओपलची बंदूक! लाकडी दस्त्याचे दोन तुकडे, नळी वाकडी.

ओपल कॉफीचा मग घेऊन पायरीवर उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसती बघत राहिली.

"गाडीला मागे टेकवून ठेवलीये म्हणून सांगितलं होतं ना रे तुला?"

"मी रेडिओ ऐकत होतो."

"मग आता रेडिओ घेऊन जाते शिकारीला. हरणांना बातम्या ऐकवते."

एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना इथे सोडतीत लागतो. ओपलचे केस काळे होते तेव्हापासून ती अर्ज भरत होती, आणि यंदा कुठे तिचा नंबर लागला होता. शनिवारी हंगाम सुरू, आणि आज गुरुवार.

"माझी घे," ऑरिन म्हणाला.

"उसनी नको. उसनं काही चालत नाही मला. एक डॉलर घे आणि विकत दे."

तिचा हा स्वभाव ऑरिनला चांगला माहीत होता. दर वसंतात तो तिला लग्नाचं विचारायचा आणि दर वसंतात ती "शेजारी बरे आहोत" म्हणायची. पहिल्या नवऱ्याने तिचे घोडे परस्पर विकले होते. तेव्हापासून कुणाचंही काही आपल्या घरात नको आणि आपलं काही दुसऱ्याच्या हातात नको, असा तिचा खाक्या.

पण या राज्यात शेजाऱ्याला बंदूक विकायची तरी दुकानात जावं लागतं. दुकानदार घेणाऱ्याची सरकारी चौकशी करतो, वरून हो आलं की मगच बंदूक हातात. गावात असं दुकान एकच, डॉटीचं. बंदुका, मासे पकडायचे गळ आणि जिवंत गांडुळं, सगळं एकाच काउंटरवर.

डॉटीने ओपलचं नाव वर कळवलं. थोड्या वेळाने तिने मान हलवली.

"अडकलंय गं. ओपल रेन्फ्रो नावाची कुणीतरी बाई दुसऱ्या राज्यात गाडी चोरून पळालीये. ती तू नाहीस, एवढं तिकडून कळेपर्यंत थांबायचं."

"मी चोरली असती तर याची पिकअप चोरली असती," ओपल म्हणाली. "निदान माझी बंदूक तरी वाचली असती."

वाट बघून ऑरिनला भूक लागली. "बंदूक राहू दे इथे. मी पलीकडे ॲपल पाय खाऊन येतो."

तोंड पुसत तो परत आला तेव्हाही काही कळलं नव्हतं. "ठीक आहे, आण ती इकडे. उद्या परत येऊ." त्याने हात पुढे केला. डॉटीने बंदूक मागे ओढली.

"देता येत नाही."

"माझी आहे ती!"

"मघाशी होती. सोबत घेऊन गेला असतास तर प्रश्नच नव्हता. तू ठेवून गेलास, म्हणून नियमाने मला ती दुकानाच्या मालात जमा करावी लागली. आता ती इथून बाहेर काढायची तर गिऱ्हाइकाची चौकशी लागते."

"गिऱ्हाईक कोण?"

"तू."

ओपल गांडुळांच्या डब्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

ऑरिनचा चष्मा घरी, म्हणून प्रश्न डॉटीनेच वाचले. "तू फरारी आहेस का?"

"डॉटी, तू मला शाळेपासून ओळखतेस!"

"म्हणून तर विचारतेय. कोर्टाने कधी वेडा ठरवलाय?"

"कोर्टाने नाही," ओपल मधेच म्हणाली.

"बरं, पत्ता. गाडीच्या लायसन्सवर तर जुनाच आहे, टेकडीपलीकडचा. तो चालत नाही. आणि तुझं फिरतं घर ओपलच्या कुंपणाला लागून उभं आहे. बदलला का नाहीस?"

ऑरिन खाली बघत म्हणाला, "तात्पुरतं आलोय. इकडचं पाणी बरंय."

"किती दिवस झाले?"

"सहा वर्षं."

यावर ओपल हसली नाही. काउंटरवरचा गळ उगाच हातात घेऊन बघत राहिली.

शुक्रवारी सकाळी लायसन्सवर नवा पत्ता चढवून ऑरिन हजर झाला. त्याची चौकशी पार पडली, बंदूक परत हातात आली. ओपलचं मात्र जिथल्या तिथेच.

"काहीच रस्ता नाही का?" ऑरिनने विचारलं.

"घरातल्या घरात द्यायला चौकशी लागत नाही," डॉटी म्हणाली. "आईबाप, पोरं, भावंडं. नवराबायको."

ऑरिनने छताकडे बघितलं. आत्ता काही बोललो तर ही बाई गळ फेकून मारेल, याची त्याला खात्री होती.

"कोर्ट किती वाजता बंद होतं?" ओपलने विचारलं.

ऑरिन घरी येऊन इस्त्रीचा शर्ट घालत होता तेवढ्यात फोन वाजला. डॉटी होती.

"ओपलचं आलं बरं का. मंजूर. आता लग्नाबिग्नाची गरज नाही."

ऑरिन खाटेवर बसला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात टाय. "डॉटी, तिला सांगू नकोस."

"अरे, पण…"

"अख्खी मागची तंगडी देईन एल्कची!"

फोन ठेवला खरा, पण कोर्टाच्या पायऱ्या चढताना त्याने ओपलकडे बघायचं टाळलं. खिडकीतल्या कारकुनाने दोघांची नावं, जन्मतारखा आणि आधीचं लग्न, एवढंच विचारलं.

"बास?" ओपल म्हणाली. "बंदूक घ्यायला फरारी का, वेडा का, सगळं विचारता. आणि नवरा घ्यायला एवढंच?"

"नवऱ्याची चौकशी ज्याची त्याने करायची, बाई," कारकून म्हणाला.

साक्षीला डॉटी होती. न्यायाधीशाने "कुणाची हरकत?" म्हणून विचारलं तशी तिला खोकल्याची अशी उबळ आली की पाणी आणावं लागलं. पण लग्न लागलं.

बाहेर पिकअपपाशी त्याने बंदूक तिच्या हातात दिली. ओपलने ती नीट आत ठेवली. ऑरिनला राहवेना. घोडे विकणाऱ्यात आणि आपल्यात मग फरक काय?

"ओपल, दुपारी डॉटीचा फोन आला होता. तुझं मंजूर झालंय. लग्न केलं नसतं तरी चाललं असतं. मी लपवलं."

ओपलने टोपी काढून सीटवर टाकली.

"मला त्याच्या आधी आला होता. गिऱ्हाईक मी होते ना."

"मग तू…"

"मीच म्हटलं तिला, आता त्यालाही कळव. बघू या, सुटलो म्हणून उड्या मारत येतो का. आणि गप्प बसलाच, तर किती वेळ पोटात ठेवतो तेही बघू."

ऑरिनने विचारलं, "मग? काय निघालं चौकशीत?"

"मंजूर," ओपल म्हणाली. "बस गाडीत. आणि म्हाताऱ्या, मागे घेताना आरशात बघ."