शेजारच्या छतावरचा कावळा

क्षमाताईंनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं तेव्हा साडेबारा वाजून गेले होते, आणि छतावर अजून एकही कावळा आला नव्हता. पत्रावळीवर भात, कढी, वडे, खीर सगळं मांडलेलं. चार महिन्यांपूर्वी गेलेल्या आईचा हा पहिला पितृपक्ष. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, आणि ताईंना साखरेचा त्रास. उपाशीपोटी त्यांना गरगरायला लागायचं.

"काहून येऊन नाही राहिला रे?" त्यांनी धाकट्या भावाला, नरहरीरावांना विचारलं.

उत्तर त्यांच्या बायकोनं, शारदानं दिलं. चार महिने ती या प्रश्नाची वाट पाहत होती.

"कसा येईन ताई? यायले जागा ठेवली का तुमच्या भावानं?"

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर नरहरीरावांनी छतावर सोलर बसवलं, आणि पॅनलखालच्या सावलीत कबुतरांनी घरटी बसवली. रोज सकाळी नरहरीराव मोबाईलवर आदल्या दिवसाचे युनिट पाहत. आकडा घसरला की म्हणत, "पाहा, तुझ्या कबुतरांनी घाण करून ठेवली." कबुतरं शारदाची कधी झाली, ते तिला कळलं नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळही पॅनलवर बसे, पण धुळीवर ओरडून काही होत नाही.

पिल्लं उडून जाईपर्यंत ते थांबले, एवढं खरं. मग त्यांनी पॅनलच्या चारही बाजूंनी जाळी ठोकली. कबुतरं खालून निघाली ती वर येऊन बसली. मग जुन्या सीडी टांगल्या. आठवडाभर कबुतरं घाबरली, नंतर त्यात बघून पंख नीट करू लागली. मग ससाण्याच्या आवाजाचं यंत्र आलं. दर दहा मिनिटांनी ते किंचाळे आणि शारदाच्या हातातला चहा बशीत सांडे. कबुतरं ढिम्म. शेवटी नरहरीरावांनी मोडक्या छत्रीच्या काळ्या कापडाचा मेलेला कावळा शिवला आणि बांबूला उलटा टांगला.

त्या दिवशी कॉलनीभरचे कावळे आले, तासभर आक्रोश करून गेले, आणि पुन्हा म्हणून फिरकले नाहीत. त्यांच्यामागे कबुतरंही गेली. फार लांब नाही. शेजारच्या पद्मिनी साहूंच्या छतावर.

दुसऱ्याच दिवशी पद्मिनीदीदी फाटकात उभ्या राहिल्या. "भैया, अपने सारे मेहमान हमारे यहाँ भेज दिए?"

"पक्षी मेरे नाम पर थोड़ी हैं, दीदी," नरहरीराव म्हणाले होते. तेव्हापासून तीन आठवडे दोन्ही घरांचं बोलणं बंद.

आता मात्र नरहरीरावांनी भराभर सगळं उतरवलं. छत्रीचा कावळा, सीडी, यंत्र. एक वाजला.

"आईचं काही मनातलं राहिलं असंल," ताई पायरीवर बसत म्हणाल्या. "एकेक जण कबूल करा. मी करते पहिले. आई, तुझ्या पाटल्या मी एकटी नाही ठेवत. एक शारदाले देते."

शारदा चमकली. पाटल्यांचं ती पहिल्यांदाच ऐकत होती. तरी तिनं हात जोडले. "आई, दिवाळीले तुमच्यासारखे अनारसे करीन. बिघडले तरी करीन."

"नरहरी, तू?"

"मी मनात बोललो."

"मनातलं कावळ्याले ऐकू जाते का बाप्पा? मोठ्यानं बोल."

"आई," नरहरीराव आभाळाकडे पाहत म्हणाले, "बीपीची गोळी आता रोज घेईन."

"म्हणजे आता घेऊन नाही राहिले?" शारदानं विचारलं.

पलीकडे, पद्मिनीदीदींच्या टाकीवर, पंधरा-वीस कावळे ओळीनं बसून हे सगळं ऐकत होते. एकही उठला नाही.

"पत्रावळ उचल," ताई म्हणाल्या. "तिकडं जाऊ."

"मी नाही जात तिच्या दारात."

"मग मी पडते इथंच."

ताईंचे ओठ पांढरे पडलेले पाहून नरहरीरावांनी पत्रावळ उचलली.

पद्मिनीदीदींनी दार उघडलं. आधी पत्रावळीकडे पाहिलं, मग ताईंच्या चेहऱ्याकडे. टोमणा अगदी ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला.

"अम्मा का है?"

नरहरीरावांनी मान हलवली.

"हव," त्या होकार देत म्हणाल्या. "जल्दी ऊपर चलिए."

पत्रावळ नीट खाली टेकलीही नव्हती, तोच एक कावळा उतरला आणि भाताकडे न बघता वडा घेऊन गेला. मागोमाग दुसरा. क्षमाताई रडायला लागल्या. पद्मिनीदीदींनी त्यांच्या तोंडात गुळाचा खडा घातला, तशा त्या रडता रडताच चघळू लागल्या.

"आप आ गए तो एक बात कह दूँ, भैया," पद्मिनीदीदी म्हणाल्या. "सोमवार को हमारे यहाँ भी सोलर लग रहा है. वो आपका काला कौआ, सीडी, मशीन, सब हमको दे दो."

नरहरीरावांनी टाकीवरच्या ओळीकडे पाहिलं. पुढच्या वर्षीही पितृपक्ष येणार होता.

"उसकी ज़रूरत नहीं, दीदी. पक्षियों से सोलर का कुछ नहीं बिगड़ता."

शारदानं हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

"तो चार महीने आप क्या कर रहे थे?"

नरहरीराव टाकीच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "अम्मा को सुबह छह बजे उठाना पड़ता था. मुँह धुलाना, दवा, चाय. वो गईं, तो छह बजे मैं उठ जाता था और करने को कुछ नहीं."

शारदानं पदर खाली घेतला.

"और पैनल गंदे होंगे तो?" पद्मिनीदीदींनी हळूच विचारलं.

"मैं पोंछ दूँगा."

सोमवारपासून नरहरीराव सकाळी सहाला बादली आणि फडकं घेऊन निघतात. स्वतःचं छत दहा मिनिटांत होतं. पद्मिनीदीदींच्या छतावर तास लागतो, कारण तिथे पॅनलवर बसलेली मंडळी आपण होऊन उठेपर्यंत ते थांबतात.